तपकिरी बटणाचा खोका

४ फेब्रुवारी, नवं दुकान

आत्या,

नमस्कार. लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. काल तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा माझा आवाज ऐकताच तू ठेवून दिलास. म्हणून हे पत्र मालाच्या क्रेटमध्ये घालून टेंपोवाल्यांबरोबर पाठवते आहे.

काल दुपारी एक गृहस्थ माझ्या काउंटरसमोर येऊन उभे राहिले. दोन तास बसने प्रवास करून ते आधी तुझ्याकडे आले होते. त्यांच्या वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन झालंय, पोटावर पिशवी लावावी लागते, सत्तावन्न नंबरची. घरून निघण्याआधी त्यांनी फोनवर आपला स्टॉक पाहिला होता. जुनं दुकान, सत्तावन्न नंबर, दोन खोके शिल्लक. आणि तू त्यांना तोंडावर सांगितलंस, "संपल्या." माझ्याकडे त्या नव्हत्याच, स्क्रीनवरही नव्हत्या. ते म्हणाले, "तुमच्या स्क्रीनवर विश्वास ठेवायचा की तुमच्या माणसांवर?" रांगेतल्या सहा जणांनी ऐकलं. त्यांचे वडील घरी पोटाशी टॉवेल धरून बसले होते.

खोका आला की स्कॅनर लावायचा, खोका गेला की लावायचा. एवढंच. त्याच क्षणी दोन्ही दुकानांत आकडा बदलतो आणि कुणाला फुकटची खेप पडत नाही. हे मी तुला इतक्यांदा सांगितलंय की आता माझीच मला लाज वाटते.

बाबांनी ठरवलं आहे. मार्चअखेरपर्यंत तुझी फळी आणि स्क्रीन यांचा मेळ बसला नाही, तर जुन्या दुकानाचा काउंटर बंद. तू घरी बसायचं. मेळाचा तक्ता मी तयार करायचा आहे. मला यात आनंद नाही, पण खोटा तक्ता मी लिहिणार नाही. हे तुला आधीच कळलेलं बरं.

भाची

५ फेब्रुवारी, जुनं दुकान

मोजणीबाई,

धाकट्याला स्वतः येऊन सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पोरीला पुढे केलं. त्याला म्हणावं, तू चड्डीची नाडी बांधायला शिकत होतास तेव्हापासून या काउंटरवर मी उभी आहे.

ते दोन खोके विकायचे नव्हते. खालच्या खणात होते. खालच्या खणातला माल कुणाचा तरी असतो. कुणाचा, ते तुला सांगायला मी बांधील नाही. अठरा वर्षांत तुझ्या बाबालाही सांगितलेलं नाही, तू कोण लागून गेलीस?

आणि त्या माणसाला मी माझ्या हाताने चार सुट्या पिशव्या बांधून दिल्या, फुकट, दोन दिवस निघतील एवढ्या. हे तुला त्याने सांगितलं नाही, की सांगितलं आणि तुझ्या खऱ्या तक्त्यात त्याला जागा झाली नाही?

ते तुझं स्कॅनरचं पिस्तूल मी कपाटावर ठेवलं आहे. हातात धरलं की बीप करतं आणि लाल डोळा वटारतं. आजारी माणसांचं दुकान आहे हे, नाका नाही.

आत्या

९ फेब्रुवारी

आत्या,

त्यांनी सांगितलं होतं. चार पिशव्यांचं. मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर माझा राग अर्धा झाला असता. हे चुकलं. चार दिवस मनात घोळत होतं, आता लिहून टाकलं.

पण तुझ्या चांगुलपणाने आकडा बरोबर होत नाही. तू समोर आलेल्या एका माणसाला चार पिशव्या दिल्यास. जो आलाच नाही, कारण मागच्या महिन्यात असाच हात हलवत परत गेला होता, त्याला कोण देणार? मी अशा लोकांची नावं लिहून ठेवते. एकतीस झाली आहेत.

खणात दाबून ठेवायची आता गरजच नाही. ज्याला जे लागतं त्याचा फोन नंबर घ्यायचा. माल आला की त्याला आपोआप निरोप जातो. तू फक्त नावं दे. गुरुवारी तू दाढ काढायला जाणार आहेस, तेव्हा बाबांनी मला तुझ्या काउंटरवर बसायला सांगितलंय.

भाची

ता. क. टेंपोवाले म्हणतात, तुम्हा दोघींची पत्रं क्रेटपेक्षा जड होत चालली आहेत.

१६ फेब्रुवारी

गाल सुजलाय, बोलता येत नाही, पण लिहिता येतं.

काल मी खुर्चीत आ वासून बसले होते तेव्हा तू माझा खण उघडलास. चौदा खोके होते त्यात. एकही नाही. प्रत्येक खोक्यावर चिकटपट्टीने लावलेलं एक बटण होतं. ती चौदा बटणं तू सोलून काढलीस आणि बशीत ठेवलीस. वर चिठ्ठी, "बटणं १४, मोजून ठेवली आहेत." वा! चोर घर धुऊन नेतो तेव्हा यादी ठेवून जात नाही. तू त्याच्या वरचढ निघालीस.

लहानपणी सतत आजारी असायचीस, सात वर्षांची होईपर्यंत शाळेचं तोंड पाहिलं नाहीस. या काउंटरमागे पाटावर बसवून मी तुला अंक शिकवले, ते याच बटणांवर. आणि तुला ती बशीत टाकताना काहीच आठवलं नाही?

माल परत आण.

१७ फेब्रुवारी

आत्या,

आठवलं. प्रत्येक बटण आठवलं. पांढरं शिंपल्याचं म्हणजे एक, निळं कोटाचं म्हणजे दोन, तपकिरी चार भोकांचं म्हणजे चार. मला वाटलं तू ती आठवण म्हणून जपतेस. खोक्यांवर का लावली आहेत ते कळलं नाही, आणि मी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं तू कधी सरळ उत्तर दिलेलं नाहीस, म्हणून विचारलंही नाही.

माल परत येणार नाही. चौदापैकी नऊ खोके त्याच दिवशी गेले. बसने आलेल्या त्या गृहस्थांना मी स्वतः फोन केला. ते दुपारी बारा वाजता येऊन सत्तावन्नचे दोन्ही खोके घेऊन गेले. काउंटरवर डोकं टेकवून रडले. तुझ्या खणात ते खोके आणखी किती दिवस पडून राहिले असते?

संध्याकाळी फळी आणि स्क्रीन जुळली. जुन्या दुकानात पहिल्यांदाच. मी तीनदा मोजून पाहिलं.

चारच्या सुमाराला कोपऱ्यावरचे शिंपीकाका आले. त्यांनाही सत्तावन्नच हवी होती. मी त्यांचा नंबर घेतला आहे. माल आला की त्यांना कळेल.

भाची

२७ फेब्रुवारी

कळलं त्यांना. अगदी व्यवस्थित कळलं.

काल सकाळी तुझा माल आला. मी खोका फोडायच्या आत टेंपोवाल्याने तू शिकवल्याप्रमाणे पिस्तूल लावलं. त्याच क्षणी शिंप्याचा फोन वाजला. तो फोन कटिंगच्या टेबलावर असतो, कापडाच्या ढिगात. शिंपी एका बाईचं माप घेत होता, टेप त्याच्या दोन्ही हातांत. बाईने मदत म्हणून फोन उचलला आणि मोठ्याने वाचला. "आपल्या पोटाच्या पिशव्या, सत्तावन्न नंबर, जुन्या दुकानात उपलब्ध आहेत." मग तिने विचारलं, "पोटाची पिशवी म्हणजे काय हो?" दुकानात चार बायका, दोन कारागीर. त्याच्या बायकोने येऊन मला सगळं सांगितलं. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

अठरा वर्षं तो माणूस कमरेत सैल, दोन्ही बाजूंना चुण्या घातलेला सदरा घालतोय. स्वतःच कापतो, स्वतःच शिवतो. लोकांना वाटतं फॅशन आहे. त्याच्या मुलांना माहीत नव्हतं. आता गल्लीला माहीत आहे. काल दुपारपासून दुकानाचं शटर खाली आहे.

तुझा आकडा बरोबर होता हं. माल आला होता. नंबर सत्तावन्नच होता. निरोप वेळेवर गेला. कुठेही चूक नाही. लिही तक्त्यात.

२ मार्च

आत्या,

निरोपांमधून वस्तूचं नाव आणि माप त्याच दिवशी काढून टाकलं. आता फक्त "आपली वस्तू आली आहे" एवढंच जातं. ते आधीच तसं असायला हवं होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आणि आलं नाही.

परवा मी शिंपीकाकांकडे गेले होते. शटर अर्धं वर होतं. आत मशीन चालू होतं, मी हाक मारल्यावर थांबलं. कुणी बाहेर आलं नाही. दहा मिनिटांनी मशीन पुन्हा सुरू झालं. मी परत आले.

पण तू मला दटावून गप्प करायला बघतेस, ते होणार नाही. एक शब्द सांगितला असतास, "हे बटण म्हणजे अमुक", तर मी हात लावला असता का? तू लपवायचं, आणि न सांगितलेलं मला कळलं नाही म्हणून कसाई मी? शिवाय सव्वीस तारखेपासून तू मुद्दाम काहीच स्कॅन करत नाहीस. आठ आकडे चुकलेत. काल कुबड्यांच्या रबरी टोप्यांसाठी एक म्हातारी तुझ्याकडे येऊन परत गेली, कारण स्क्रीनवर सहा दिसत होत्या आणि फळीवर एकही नव्हती. तिचीही लाज राख की! की खणातल्यांनाच माणूस म्हणायचं?

मार्चअखेरीला एकोणतीस दिवस आहेत.

भाची

८ मार्च

म्हातारीला टोप्या मी तिच्या घरी नेऊन दिल्या. आठ जिने चढून. तेही तुझ्या स्क्रीनवर दिसत नसेल.

ऐक, एकदाच लिहिते.

अठरा वर्षांपूर्वी शिंपी पहिल्यांदा आला तेव्हा दुकानात गर्दी होती. त्याला तोंड उघडवेना. बँडेज घेतलं, निघून गेला. परत आला, पुन्हा बँडेज. तिसऱ्या दिवशी खिशातून सुटे पैसे काढताना त्यांच्याबरोबर एक तपकिरी बटण काउंटरवर पडलं आणि एक चिठ्ठी, नुसता आकडा, सत्तावन्न. मी कागदात खोका गुंडाळून दिला. पुढच्या वेळी त्याने चिठ्ठीही आणली नाही. नुसतं बटण ठेवलं. मी त्याच्यासारखंच दुसरं मागून घेतलं आणि त्याच्या पुढच्या खोक्यावर चिकटवलं. बटणं जुळली की खोका द्यायचा, त्याचं बटण त्याला परत. बोलायचं काही नाही. मग बाकीच्यांनाही तीच सोय झाली. कुणाला नळी लागते, कुणाला मोठ्या माणसाचे लंगोट. डबाभर बटणं शिंप्यानेच आणून दिली. तुला अंक शिकवायला मी त्यातली वापरली, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं.

तेव्हा नावं मागू नकोस. मलाच अर्ध्यांची माहीत नाहीत.

शिंप्याची बायको आता गावाच्या दुसऱ्या टोकाहून पिशव्या आणते. तिथे मिळतात त्या साठच्या. बसत नाहीत, गळतात. तपकिरी बटणाचा खोका माझ्या खणात पडून आहे.

आत्या

११ मार्च

आत्या,

एक गोष्ट मी लिहिली नव्हती. आता लिहिते, कारण हे लपवून मला तुला काहीही विचारता येणार नाही.

त्या गुरुवारी शिंपीकाकांनी काउंटरवर बटण ठेवलं होतं. मी ते पाहिलं आणि म्हणाले, "काका, इथे बटणं मिळत नाहीत हो. ती तुमच्याकडे!" आणि हसले. मागची दोन माणसंही हसली. त्यांनी बटण उचललं. मग मी विचारलं, काय हवंय, आणि ते काही बोलेनात म्हणून अंदाजाने एकेक नाव घेत गेले. मोठ्याने. पिशवीच्या नावावर आणि मग सत्तावन्नच्या आकड्यावर त्यांनी मान डोलावली. फोन नंबर मागितला तो त्यांनी दिला, कारण तेवढं करून त्यांना बाहेर पडायचं होतं. मी तुला लिहिलं की त्यांचा नंबर घेतला. तेही खरंच होतं.

आता कामाचं. स्क्रीनवर मी आणखी एक खाना केला आहे, "राखीव". त्यात नाव नाही, फोन नाही. फक्त बटण. "तपकिरी, चार भोकं: १." "निळं, कोटाचं: १." राखीव खोका बाहेरच्या गिऱ्हाइकाला शिल्लक म्हणून दिसणार नाही, म्हणजे कुणी दोन तास बसने येणार नाही. खण उघडायची मला गरज उरणार नाही. राखीव कमी झाला की मला इथे दिसेल आणि मी नवा खोका पाठवीन, तुला मागावाही लागणार नाही. पण खोका देताना स्कॅनर तुलाच लावावा लागेल. तुझ्याशिवाय हे चालत नाही. आणि तुझी मनधरणी मी करणार नाही.

भाची

१५ मार्च

"इथे बटणं मिळत नाहीत." हे वाक्य मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही. बरं झालं कबूल केलंस, पण मला बरं वाटावं म्हणून केलं असशील तर मेहनत वाया गेली.

तुझा खाना राहू दे तुझ्याजवळ. पिस्तूल अजून कपाटावर आहे. ज्याच्यासाठी खण सुरू केला तो माणूसच येत नाही, आता कोणासाठी बीप करू? तो परत आला तर बघेन. नाही आला तर धाकट्याला म्हणावं, कुलूप घेऊन ये, किल्ली मी हातात देते.

आणि इकडे येऊ नकोस. खणाला हात लावलास तर बोटं मोडीन.

१ एप्रिल

आत्या,

काल तक्ता दिला. दोन महिन्यांत चुकलेले आकडे: पंचवीस. त्यातले अकरा तुझे. चौदा माझे.

बाबा म्हणाले, तुझे कुठून आले? मी म्हटलं, खणातले चौदा खोके दुसऱ्यांना कबूल केलेले होते, मी ते मोकळे दाखवले. माल होता, पण तो आपला नव्हता. चुकीचा आकडा म्हणजे हाच. बाबा चिडले. "तू तिच्या बाजूची की माझ्या?" मी म्हटलं, तक्त्याच्या. त्यांनी कागद माझ्या अंगावर टाकला. मी उचलून पुन्हा दिला.

शेवटी हे ठरलं: एप्रिल हा शेवटचा महिना. राखीव खाना तू स्वतः चालवलास तर काउंटर राहील. नाही चालवलास तर तीस तारखेला बाबा कुलूप घेऊन येतील. मी थांबवू शकणार नाही.

तुझ्या खणातला तपकिरीचा एक खोका मी पाठवलेल्या मालाच्या नोंदीवरून खान्यात भरला आहे. स्क्रीनवर एक दिसतो. मी तो रोज बघते. एकच असतो.

भाची

९ एप्रिल

आत्या,

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तपकिरी बटणापुढचा एक गेला आणि शून्य आला.

मी एका बाईंना गुडघ्याचा पट्टा दाखवत होते. पट्टा हातातच राहिला. त्या म्हणाल्या, "अहो, घट्ट होतोय की सैल, सांगा की!" दिवसभर आकडा बदलतो का बघत होते, कदाचित चुकून लागला असेल, कदाचित तू नुसता बाबांचं तोंड बंद करायला स्कॅनर लावला असशील. तसं असेल तर तसं लिही, मला ते तक्त्यात लिहावं लागेल.

ते आले होते का? एवढंच सांग. बाकी काही नको.

भाची

१० एप्रिल

आला होता. अर्धं दुकान भरलेलं असताना आला, मान वर करून. बटण ठेवलं. मी खोका काढला, पिस्तूल कपाटावरून घेतलं आणि लावलं. बीप झालं तसा दचकला, माझ्याकडे बघायला लागला. स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवली. "तपकिरी, चार भोकं." त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. म्हणाला, "याला एवढंच माहीत आहे?" मी म्हटलं, "एवढंच." त्याने बटण खिशात टाकलं आणि गेला. तुझ्याबद्दल विचारलं नाही. मीही काढलं नाही. तू त्याच्यासमोर जाऊ नकोस, अजून बरेच दिवस.

निळं, पांढरं आणि बाकीची अकरा बटणंही मी तुझ्या खान्यात भरली आहेत. धाकट्याला म्हणावं, कुलूप दुसरीकडे वापर.

मी तुला माफ केलेलं नाही. पण एक सांग, अकरा वीसला शून्य दिसलं आणि आजच्या टेंपोत फक्त तुझं पत्र आलं? तू खण धुऊन नेलास ते दिवस सोडले, तर अठरा वर्षांत माझ्या खणात तपकिरीचा खोका नाही असा एक दिवस गेला नव्हता, आज गेला. शून्य दिसलं की माल पाठवायचा असतो, पत्र नाही.

आत्या